अवघडपणा कुठून मोजायचा?

दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. मुलाला किंवा मुलीला एखादी परकी भाषा लावायची आहे, फ्रेंच आणि जर्मन शिकणारे पुष्कळ झाले, तेव्हा जपानी, चिनी आणि कोरियन या तिघींत सोपी कोणती? उमेदीची वर्षे चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत जपानीची दुभाषी म्हणून काढल्यामुळे, आणि पुढे हौसेने चिनी व त्याहून उशिरा कोरियन शिकल्यामुळे, हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याने बहुधा आधीच इंटरनेटवर शोधाशोध केलेली असते आणि त्याच्या हाती एक तक्ता लागलेला असतो.

हा तक्ता अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटचा. ही संस्था राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि कोणत्या भाषेला किती वेळ लागतो याचा हिशेब तिने अनेक दशकांच्या अनुभवावरून मांडला आहे. स्पॅनिशसारखी भाषा ६०० ते ७५० तासांत कामापुरती येते. हिंदीला ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास लागतात. सर्वांत अवघड गटात अरबीच्या जोडीला चिनी, जपानी आणि कोरियन बसवलेल्या आहेत आणि त्यांच्यासमोर ८८ आठवडे, २२०० तास असा आकडा आहे. त्यातही जपानीपुढे खूण करून, ही याच गटातल्या इतर भाषांहून थोडी जडच जाते, अशी टीप बराच काळ दिलेली असे.

तक्ता खोटा नाही. फक्त तो आपल्यासाठी केलेला नाही. हिंदीला ११०० तास लागतात हे वाचून मराठी माणसाला हसूच यावे, कारण आपल्याकडची मुले शाळेत हिंदीचा तास सुरू होण्याआधीच सिनेमे पाहून हिंदी बोलू लागलेली असतात. हिंदीच्या ओळीवर आपण हसतो आणि त्याच तक्त्यातल्या जपानीच्या ओळीवर मात्र निमूट विश्वास ठेवतो, हे मला फार विचित्र वाटते. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे, त्यांच्या उंबरठ्यापासून मोजलेले ते अंतर आहे. आपला उंबरठा वेगळ्या गल्लीत आहे, आणि तिथून मोजले तर या तीन भाषांचा क्रम बदलतो, इतकेच नव्हे, तर अवघडपणाची जागाही बदलते. अडचण अशी की या भाषा आपण शिकतो त्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून, आणि त्यामुळे इंग्रजी माणसाच्या अडचणीही आपल्या समजून वाहत बसतो.

वाक्यरचनेपासूनच सुरुवात करू. जपानीचे पहिले इंग्रजी पुस्तक पहिल्या काही पानांतच बजावून सांगते की, या भाषेत क्रियापद शेवटी येते, ‘फ्रॉम’, ‘टु’, ‘इन’ या अर्थाचे शब्द नामाच्या आधी न येता मागून येतात, तेव्हा विद्यार्थ्याने विचार करण्याची आपली सवय उलटी करावी. वर्गातली मराठी मुले हा इशारा गंभीरपणे वहीत उतरवून घेतात. आता एक साधे वाक्य पाहा: ‘वाताशी वा पुणे कारा तोक्यो नि इकिमाशिता.’ प्रत्येक शब्दाखाली मराठी शब्द लिहीत गेले तर ‘मी पुण्याहून टोकियोला गेले’ हे वाक्य तयार होते आणि एकही शब्द जागेवरून हलवावा लागत नाही. ‘कारा’ म्हणजे आपला ‘हून’, ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’. ‘किनो कात्ता होन’ म्हणजे ‘काल घेतलेले पुस्तक’. इंग्रजीत इथे पुस्तक आधी सांगून मग ‘जे मी काल घेतले’ अशी शेपटी जोडावी लागते. मराठीत ‘घेतलेले’ हे कृदंत नामाच्या पुढ्यात आयते बसते, जपानीतही बसते, आणि कोरियनमध्ये ‘ऑजे सान छेक’ म्हणताना तोच क्रम असतो. सवय उलटी करायची ती कुणी?

साम्य शब्दक्रमापुरतेच असते तर त्याचे फार कौतुक करण्याचे कारण नव्हते. खरी गंमत आपल्या ‘-ऊन’ प्रत्ययात आहे. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन कामावर गेले’ हे वाक्य जपानीत ‘ओकिते, काओ ओ आरात्ते, ओचा ओ नोंदे, काइशा ए इत्ता’ असे होते. ज्याला पुस्तके ‘ते-रूप’ म्हणतात आणि ज्याच्या भीतीने पहिल्या परीक्षेआधी वर्ग ओस पडू लागतो, ते रूप म्हणजे आपले ‘-ऊन’. त्याची वळणे पाठ करावी लागतात, हे खरे, पण ते वापरायचे कधी हे मराठी माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. आणि इथून पुढे तर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’, आणि अर्थही तोच. ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. कोरियनमध्ये ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे पुन्हा ‘खाऊन बघणे’, आणि ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’. यातल्या ‘बॉरिदा’चा मूळ अर्थ ‘फेकून देणे’ असा आहे, हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी शब्दकोश मिटून थोडा वेळ स्वस्थ बसले. आपणही लाडू खाऊन ‘टाकतो’. तो कुठे टाकतो, हा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही, तसाच तो सोलमधल्या मुलालाही पडत नसणार. चिनी भाषा या कुटुंबापासून पुष्कळ दूरची, पण तीसुद्धा क्रियापद दोनदा उच्चारून त्यापुढे ‘खान’, म्हणजे ‘पाहणे’, जोडते आणि ‘करून बघ’ हा अर्थ साधते.

हे नाते रक्ताचे नव्हे, हे लगेच सांगायला हवे. सुसुमू ओनो या जपानी अभ्यासकाने जपानी आणि तमिळ यांचे मूळ एक असल्याचा सिद्धांत हिरिरीने मांडला होता, पण भाषाशास्त्रज्ञांनी तो मान्य केला नाही. याउलट भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी १९७६ साली काढलेले अनुमान टिकले. शेवटी येणारे क्रियापद, ‘-ऊन’सारखी रूपे, ‘खाऊन टाकणे’सारखी जोडक्रियापदे अशा वैशिष्ट्यांचा नकाशा त्यांनी काढला, तेव्हा तो पट्टा भारतातून निघून मध्य आशियामार्गे कोरिया-जपानपर्यंत पोचलेला दिसला. चीन या पट्ट्याच्या बाहेर राहतो. आपण या पट्ट्याच्या एका टोकाला जन्मलो, हे भाग्य समजायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. शिकवणी लावताना मात्र ते विसरू नये.

इंग्रजी पुस्तक ‘ओकु’ समजावताना लिहिते की, पुढील उपयोगाच्या दृष्टीने एखादी क्रिया आगाऊ पूर्ण करून तिची परिणामावस्था कायम राखणे. ही व्याख्या वाचून मुलांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘दूध तापवून ठेव’ एवढे तीन शब्द बोलले की काम झाले. वाक्याचा विषय दाखवणारा ‘वा’ आणि कर्ता दाखवणारा ‘गा’ या दोन प्रत्ययांतला फरक हे तर जपानीचे सर्वांत बदनाम प्रकरण. त्यावर इंग्रजीत पानेच्या पाने खर्ची पडतात. मराठीने हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण ‘चहा पिते, कॉफी मात्र पीत नाही’ यातला ‘मात्र’ आणि ‘मीच करते’ यातला ‘च’ ज्यांच्या जिभेवर आहेत, त्यांचा अर्धा रस्ता तरी चालून झालेलाच असतो. एके ठिकाणी मात्र मराठी खरोखर कमी पडते. ‘देणे’ या अर्थाची जपानीत दोन क्रियापदे आहेत: उपकार माझ्याकडून बाहेर जात असेल तर एक, आणि माझ्याकडे येत असेल तर दुसरे. कोरियन आपल्यासारखीच एका ‘जुदा’वर भागवते, जपानीत मात्र दर वेळी कोण आपला आणि कोण परका याचा हिशेब मनात करूनच तोंड उघडावे लागते.

उच्चारांकडे वळले की चित्र पालटते, पण तेही तक्त्यात दिसते तसे नाही. जपानी मुळाक्षरांचा क्रम पाहा: अ, इ, उ, ए, ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. यातला ‘स’ पूर्वी ‘च’च्या जवळ उच्चारला जाई आणि ‘ह’ हा एके काळी ‘प’ होता. ते ध्यानात घेतले की क, च, त-न, प-म, य, र, व अशी आपली बाराखडीच समोर उभी राहते. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासाबरोबर संस्कृत वर्णमालेची ही मांडणी जपानात नेली. तिथल्या स्मशानांत मृतांच्या नावाने उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर सिद्धम् अक्षरे आजही रंगवलेली असतात. मराठी मुलाला हा क्रम पाठ करायला एक संध्याकाळही लागू नये. पण इंग्रजी पुस्तकात तो निव्वळ घोकण्याचा तक्ता म्हणून छापलेला असतो आणि मुलेही तो तसाच घोकतात. ‘त्सुनामी’तला पहिला वर्ण हिंदी माणसाला जोडाक्षराने लिहावा लागतो, आपल्या ‘चुना’तला ‘च’ तोच आहे, हे वर्गात क्वचितच कुणी सांगते. जपानी उच्चारात मराठी माणूस अडतो तो ऱ्हस्व-दीर्घात. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. आपण ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांवरून परीक्षेत गुण घालवतो खरे, पण बोलताना स्वराची लांबी शब्दातल्या जागेवर सोडून देतो. जपानीत तसे करून चालत नाही.

चिनीच्या बाबतीत इंग्रजीचा अडसर सर्वांत ठळक दिसतो, तोही रोमन अक्षरांमुळे. १९५८ पासून चीनमध्ये उच्चार दाखवण्यासाठी फिनयिन ही रोमन पद्धत वापरतात. तिच्यातले बी, डी आणि जी हे वर्ण ब, ड आणि ग नव्हेत. ते अल्पप्राण प, त आणि क आहेत. पी, टी आणि के हे महाप्राण फ, थ आणि ख आहेत, आणि हा ‘फ’ ओठ मिटून उच्चारायचा. म्हणजे ज्या फरकासाठी आपल्याकडे स्वतंत्र अक्षरे आहेत आणि जो तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असतो, त्याच फरकावर चिनी भाषा उभी आहे. आता दोन वाक्ये पाहू. ‘तूझ पाओ ल’ म्हणजे पोट भरले. ‘थूझ फाओ ल’ म्हणजे ससा पळाला. दोन्हींतले सूर अगदी सारखे; फरक केवळ श्वासाच्या त्या झटक्याचा. रोमन लिपीत पहिले वाक्य डी आणि बी वापरून लिहितात, दुसरे टी आणि पी वापरून. मराठी विद्यार्थी टी आणि पी पाहून इमानदारीने ‘त’ आणि ‘प’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्या चिनी माणसाचा ससा पळण्याऐवजी त्याचे पोट भरते. देवनागरीत लिहून दिले असते तर ही चूक घडलीच नसती. हे दुखणे भाषेचे नाही. मधल्या लिपीने ते आणलेले आहे.

सुरांचे दुखणे मात्र खरे आहे आणि तिथे मराठी कामाला येत नाही. चार सूर आणि पाचवा हलका, बिनसुराचा उच्चार. ‘माइ’ हा शब्द खाली जाऊन वर आला तर ‘विकत घेणे’, वरून खाली कोसळला तर ‘विकणे’. व्यापाराच्या भाषेत याहून धोक्याची जोडी कोणती असेल? सूर एकेकटे म्हणून दाखवणे फारसे अवघड नाही. संध्याकाळच्या वर्गात सगळे जण ते गाऊन दाखवतात. गडबड होते ती वाक्यात. आपण प्रश्न विचारताना शेवटचा शब्द वर उचलतो, रागावलो की खाली दाबतो, आणि भावनेसाठी राखलेली ही सुरावट चिनीत शब्दार्थावर जाऊन आदळते. प्रश्न विचारण्याची उत्सुकता जितकी जास्त, तितका शेवटचा शब्द बिघडण्याची शक्यता अधिक. पहिले वर्ष यातच जाते, आणि पुष्कळ जण याच वर्षात वर्ग सोडतात.

कोरियनमध्ये सूर नाहीत, पण तिथे क, ख, ग, घ यांची आपली चौकट निकामी ठरते. ‘पुल’ या धर्तीचे तीन शब्द आहेत: एक शिंग, एक गवत आणि एक आग. शिंगातला वर्ण आपल्या ‘प’च्या जवळचा, थोडा आवळलेला. गवतातला महाप्राण ‘फ’. आगीतला वर्ण मात्र या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. तो ‘ब’ही नाही आणि ‘प’ही नाही, आणि आजची सोलमधली तरुण मंडळी तो ओळखतात ते मुख्यतः त्यानंतरच्या स्वराच्या खालच्या पट्टीवरून. देवनागरीत त्याला जागा नाही. कान तयार होईपर्यंत मी आग आणि गवत यांत अंदाजानेच निवड करत असे, आणि अजूनही फोनवर खात्री नसते.

लिपीच्या बाबतीत तिघींत तुलनाच होऊ शकत नाही. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये हंगुल लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेपुढे ठेवली. मूळची २८ अक्षरे, आज मूलभूत २४. ‘क’च्या अक्षराचा आकार घसा अडवणाऱ्या जिभेच्या मुळाचा, ‘न’चा आकार टाळूला टेकलेल्या जिभेच्या टोकाचा, ‘म’चा मिटलेल्या तोंडाचा, आणि ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’ होतो. वर्णमालेतल्या वर्गवारीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांनी कबूल करावे की, क आणि ख यांचे नाते अक्षराच्या आकारात दाखवणे आपल्या लिपीला सुचले नाही. ही लिपी एका सुट्टीत येते. पण लिहिलेले आणि बोललेले यांत अंतर पडते, कारण अक्षरे शेजारी आली की एकमेकांना बदलतात. ‘गुक’ आणि ‘मिन’ मिळून ‘नागरिक’ या अर्थाचा शब्द होतो तेव्हा तो ‘गुक्मिन’ असा लिहितात आणि ‘गुङ्मिन’ असा उच्चारतात. इंग्रजी पुस्तकात या नियमाला अनुनासिकीकरण असे भारदस्त नाव देऊन तक्ता दिलेला असतो. वाक् अधिक मय म्हणजे वाङ्मय, जगत् अधिक नाथ म्हणजे जगन्नाथ, एवढे आठवले की तो तक्ता पाठ करावा लागत नाही. शाळेत व्यंजनसंधीला ज्यांनी नावे ठेवली, त्यांना त्याचा उपयोग इंचॉनच्या विमानतळावरच्या घोषणा ऐकताना व्हावा, ही नियतीची थट्टा म्हणायची.

चिनी लिपीचा डोंगर आहे हे खरेच. चीन सरकारने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत ८१०५ चिन्हे आहेत आणि त्यांतली पहिल्या श्रेणीची ३५०० रोजच्या वाचनासाठी लागतात. परंतु हा डोंगर दिसतो तितका उघडाबोडका नाही, त्याला पायऱ्या आहेत. बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. ‘छिंग’ असा उच्चार असलेल्या एका घटकाला पाण्याची खूण जोडली की ‘स्वच्छ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’, हृदयाची जोडली की ‘भावना’, वाणीची जोडली की ‘कृपया’. सगळ्यांचा उच्चार ‘छिंग’, फक्त सूर कधी सारखे, कधी वेगळे. आणि मुख्य म्हणजे, तुरळक अपवाद सोडले तर एका चिन्हाचा एकच उच्चार. एकदा शिकले की ते आपले झाले.

जपान्यांनी हीच चिन्हे घेतली आणि त्यांचे जे काही केले, त्याला तोड नाही. नित्य वापरासाठीची त्यांची अधिकृत यादी २०१० पासून २१३६ चिन्हांची आहे, म्हणजे चीनच्या तुलनेत बरीच लहान, आणि म्हणून भोळा विद्यार्थी हुरळतो. पण पुष्कळ चिन्हांना चीनमधून आलेला उच्चार आहे आणि त्याच अर्थाच्या देशी जपानी शब्दाचाही. समजा, आपण पाण्यासाठी एकच चित्र काढायचे ठरवले, आणि तेच चित्र ‘जलसिंचन’ या शब्दात ‘जल’ वाचायचे, ‘उदकशांत’मध्ये ‘उदक’ वाचायचे आणि एकटे आले की ‘पाणी’ वाचायचे. जपानी वाचन हे असे आहे. जन्म, जीवन आणि कच्चेपणा अशा अर्थांचे एक चिन्ह आहे. चिनीत ते सगळीकडे ‘शंग’. जपानीत ‘सेन्सेइ’मध्ये ते ‘सेइ’, ‘इश्शो’मध्ये ‘शो’, वाढदिवसाच्या ‘तांजोबी’मध्ये ‘जो’, ‘इकिरु’ म्हणजे जगणे यात ‘इ’, ‘उमारेरु’ म्हणजे जन्मणे यात ‘उ’, आणि बिअरच्या ताज्या ग्लासापुढे तेच चिन्ह ‘नामा’. माणसांच्या आणि गावांच्या नावांत तर याहूनही मोकळेपणा. भेटीला आलेल्या पाहुण्याच्या कार्डावरचे नाव कसे वाचायचे, हे जपानी माणूसही अदबीने विचारून घेतो. कारखान्यात रेखाचित्रांवर हाताने खरडलेल्या टिपा वाचताना मी जितकी गांगरले आहे, तितकी चिनी वर्तमानपत्रापुढे कधीच गांगरले नाही. अमेरिकन तक्त्यातली जपानीपुढची ती खूण निदान या बाबतीत आपल्यालाही लागू आहे.

आदरार्थी भाषेविषयी आपल्याकडे एक गोड समजूत आहे की, तू, तुम्ही, आपण असे तीन दर्जे पाळणाऱ्या मराठी माणसाला जपानी आदब सहज साधेल. अर्धीच खरी आहे ती. खाणे, जाणे, असणे यांसाठी समोरच्याला मोठे करणारी निराळी क्रियापदे आणि स्वतःला लहान करणारी निराळी, ही कल्पना आपल्याला परकी नाही. ‘या, बसा’ आणि ‘आसनस्थ व्हावे’ यांतला फरक आपण जाणतो. अडते ते वेगळ्या ठिकाणी. बाहेरच्या कंपनीतून फोन आला आणि साहेब जागेवर नसले, तर मराठी माणूस म्हणणार, ‘साहेब बाहेर गेलेत.’ जपानीत परक्याशी बोलताना आपला साहेबही आपल्यातलाच. त्याच्या नावापुढचे ‘सान’ काढून टाकायचे आणि क्रियापद नम्र, खालच्या दर्जाचे वापरायचे. चाकणच्या एका कचेरीत नव्याने लागलेली हुशार, वरच्या परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले या वाक्याशी अडखळताना मी पाहिली आहेत. नियम त्यांना तोंडपाठ असतो, पण पलीकडच्या खोलीत बसलेल्या, वयाने वडिलांएवढ्या माणसाचा नुसत्या आडनावाने उल्लेख करायला जीभ धजत नाही. कोरियन इथे पुन्हा आपल्या बाजूची: साहेबांच्या हुद्द्याला लावलेले ‘निम’ परक्यासमोरही कायम राहते, आणि स्वतःच्या वडिलांविषयी बोलताना आपण जसे ‘बाबा म्हणाले’ म्हणतो तसेच तिथेही म्हणतात.

चिनीत या सगळ्याचा ताप फार थोडा. क्रियापद चालवायचे नाही, लिंग नाही, विभक्ती नाही. खुर्ची ती, पलंग तो आणि टेबल ते हे ज्यांनी परक्या माणसाला समजावले आहे, त्यांना हा केवढा दिलासा आहे हे कळेल. कोरियनमध्ये साडेतीन वाजले हे सांगताना तास देशी आकड्यांत आणि मिनिटे चिनी आकड्यांत मोजतात. चिनीत एकोणपन्नास म्हणजे ‘चार-दहा-नऊ’, संपले. आपल्या एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांच्या घोळातून वाढलेल्या माणसाने यावर काय बोलावे! ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जातो’ यांतला भेद हिंदीला जमत नाही, इंग्रजीला जमत नाही, पण पेइचिंगच्या बोलीत ‘झानमन’ आणि ‘वोमन’ अशी त्याची नेमकी जोडी आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते चिनी भाषेचा कोणताही वर्ग न करता. युद्धाच्या धामधुमीत, जखमींची शुश्रूषा करता करता त्यांनी ती आत्मसात केली, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा सांभाळली आणि तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवले. १९४२ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ होते. चिनी भाषेची धास्ती घेतलेल्या मुलांपुढे मी हे नाव ठेवते. मात्र २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचवलेल्या परकीय भाषांत जपानी आणि कोरियन आहेत, मसुद्यात असलेली चिनी अंतिम यादीत नाही, त्यामुळे ती शिकायची तर आपली वाट आपणच शोधावी लागते.

तर मग सोपी कोणती? या प्रश्नाला आता मी उलट प्रश्न विचारते: अडचण केव्हा आलेली चालेल? चिनी सगळा त्रास पहिल्या वर्षातच देऊन टाकते. सूर आणि पहिली हजारभर चिन्हे बसली की रस्ता सपाट होत जातो. कोरियन सुरुवातीला पायघड्या घालते आणि वर्तमानपत्र वाचायला घेतले की खरी भेटते. त्या भाषेतल्या शब्दांचा मोठा वाटा मूळचा चिनी, पण चिन्हे लिहिणे आता जवळपास बंद, त्यामुळे ‘सुदो’ म्हणजे राजधानी की नळाचे पाणी हे संदर्भावरून ताडावे लागते. म्हणून कोरियन शिकणाऱ्याने थोडी चिन्हे शिकावीत, हा माझा आग्रह आहे. एकदा ती कळली की थूशूक्वान, तोशोकान आणि तोसॉग्वान ही एकाच ग्रंथालयाची तीन नावे आहेत हे उमगते, आणि तत्सम शब्दांच्या आधाराने आपण बंगाली वा कन्नड मजकूर जसा चाचपडत ओळखतो, तसे तिन्ही भाषांत हिंडता येते. जपानी बोलायला मराठी माणसाला सर्वांत कमी श्रम पडतात आणि वाचायला सर्वांत जास्त. पुण्याच्या केंद्रावर जुलै आणि डिसेंबरमध्ये होणारी जपानी प्रावीण्य परीक्षा केवळ पर्याय निवडण्याची असल्यामुळे हे वास्तव काही काळ झाकलेले राहते. तीत बोलावेही लागत नाही आणि एक ओळही हाताने लिहावी लागत नाही.

भाषा कोणतीही लावा, इंग्रजी पुस्तकातल्या प्रत्येक नव्या वाक्याखाली पेन्सिलीने, शब्दाला शब्द लावून, मराठी वाक्य लिहीत जा आणि उच्चार देवनागरीतच टिपा, असे मी मुलांना सांगते. पालकांना ते पसंत पडत नाही. इंग्रजीची सवय मोडेल अशी त्यांना धास्ती वाटते, आणि मग तो तक्ता पुन्हा मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला जातो.